चाचा

रास अल खैमाच्या खाडीवर, बर्फखान्याच्या मागे
मी तारेचे पिंजरे विणतो. इथे गरगूर म्हणतात.
उलट्या घातलेल्या टोपलीसारखे, माझ्या छातीएवढे.
मासा ज्या नळीतून आत शिरतो
ती बाहेर रुंद, आत अरुंद.
बाहेर पडायची वाटही तीच.
त्याला ती पुन्हा सापडत नाही, एवढंच.

त्या फेरीला 'अल-नसीम'वर माझे चाळीस पिंजरे होते
आणि सहा माणसं.
होर्मुझ ओलांडून, मसीरा मागे टाकून
सुरमईच्या नादात ती दक्षिणेला फार उतरली.
मग वायरलेसवर नुसती खरखर.
अरबाब धावत आला, चप्पल एकाच पायात,
आणि पहिला प्रश्न पिंजऱ्यांचा निघाला त्याच्या तोंडून.
नंतर ओशाळला. मी पाहिलं ते.

गावाहून मेव्हण्याने पेपरचा फोटो पाठवला:
'चाच्यांनी मासेमारी नौका पळवली.'
खोलीत मराठी वाचणारे आम्ही दोघेच,
त्यातला एक त्या बातमीत.
शरफुद्दीन होडेकर, साखरतरचा, वय बासष्ट,
ज्याला मल्याळी, बंगाली, पठाण, सगळे चाचाच म्हणायचे.
मी ते वाक्य मोठ्याने वाचलं.
पळवणारे चाचे, पळवलेला चाचा;
व्याकरणात कुठे बसवावं समजेना,
म्हणून दिवा मालवला.

फोन आला एकोणिसाव्या दिवशी, बर्फखान्यात.
दुसरा कुठलाच नंबर त्याला पाठ नव्हता;
बायकोचासुद्धा मोबाइलमध्ये, आणि मोबाइल त्यांच्याकडे.
हा मात्र भिंतीवर हातभर आकड्यांत रंगवलेला,
चौदा वर्षं येता-जाता डोळ्यांसमोर.
"हे पासपोर्ट मागतायत रे," तो म्हणाला.
पासपोर्ट अरबाबाच्या लोखंडी कपाटात, सहाही.
"तेच सांगितलं मी त्यांना. हसले."
मग वाऱ्याचा आवाज. मग:
"रोजा सुटला काय तिकडं?"
"सुटतोय," मी म्हटलं. समोर बांग चालू होती.
"आमचा थोड्या वेळानं. त्यांच्यातलेही चौघे धरतात.
खजूर आपलेच आहेत, बोटीवरचे."

एकाहत्तर दिवसांनी बोट ओढून आणली, इंजिनाशिवाय.
सहाही जण उतरले.
अरबाबाने चाचाचं कपाळ चुंबलं, खरंखुरं रडला,
आणि महिनाअखेरीला दोन पगार कापले:
मासळी आली नव्हती.

चाचा काही सांगत नाही. माझ्याशेजारी बसून तार धरतो.
एकदाच बोलला. एक पोरगं होतं, सोळाचं असेल नसेल,
बंदूक त्याच्यापेक्षा वजनदार,
आणि बोट लागायची त्याला, आतडी पिळवटून ओकायचं.
घरचं आगळ होतं बाटलीच्या तळाशी,
ते बोटावर घेऊन याने त्याच्या जिभेला लावलं.
तेव्हापासून ते याला 'अदेर' म्हणायला लागलं.
"शिवी वाटली मला. मग त्यांच्या दुभाष्याला विचारलं."
तार निसटली, बोटाला लागली.
बोट चोखतच म्हणाला, "अदेर म्हणजे चाचा."

घरी जायचं म्हणून कपाट उघडलं
तर पासपोर्टची मुदत संपलेली,
चौपन्नाव्या दिवशी, तो समुद्रात असताना.
आता कागद होईपर्यंत तो इथेच.
बर्फखान्याची भिंत नव्याने रंगवली परवा. नंबर बदललाय.
दुपारी काम थांबलं की उठतो,
भिंतीसमोर उभा राहतो चष्मा पुसत,
परत येऊन तार धरतो
आणि ओठांतल्या ओठांत आकडे म्हणतो,
दोनदा चुकतो,
पुन्हा पहिल्यापासून.